मेम्फिसची खोली क्रमांक ३०६

आपल्या बऱ्याच घरांतली मुलं आता अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-वडील भेटीला गेले की नायगारा होतो, न्यूयॉर्क होतं. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहराचं नागरी हक्क संग्रहालय मात्र सहसा यादीत नसतं. ते असावं असं आम्हाला वाटतं.

संग्रहालय १९९१ मध्ये सुरू झालं, पण इमारत जुनीच, लॉरेन मोटेलची. गोऱ्यांच्या हॉटेलात काळ्यांना खोली मिळत नसे, तेव्हा काळे प्रवासी इथे उतरायचे. ४ एप्रिल १९६८ च्या संध्याकाळी डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना इथल्याच सज्जात गोळी घातली गेली. त्यांची ३०६ क्रमांकाची खोली काचेमागे तशीच ठेवली आहे.

आता मुलांना विचारा, किंग मेम्फिसला आलेच कशाला होते? पाठ्यपुस्तकातले किंग म्हणजे स्वप्नाचं भाषण, बस्स. मेम्फिसला ते कचरा उचलणाऱ्यांसाठी आले होते.

१ फेब्रुवारी १९६८. जोराचा पाऊस. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन काळे सफाई कामगार आडोशासाठी कचरागाडीच्या मागच्या भागात शिरले. कचरा दाबायचं यंत्र अचानक सुरू झालं आणि दोघं त्यात चिरडून मेले. या जुनाट गाड्यांबद्दल कामगारांनी आधीच तक्रारी केल्या होत्या. पगार इतका तुटपुंजा, की पूर्णवेळ काम करूनही काहींच्या घरची चूल सरकारी मदतीवर पेटायची. १२ फेब्रुवारीपासून सुमारे १,३०० कामगारांनी काम बंद केलं.

त्यांच्या हातातल्या फलकावर पगाराचा आकडा नव्हता. चारच इंग्रजी शब्द होते, अर्थ एवढाच: मी माणूस आहे. हे समजायला तिथली बोली माहीत हवी. साठीच्या काळ्या माणसालाही गोरे 'बॉय' म्हणून हाक मारत. म्हणजे आजोबांच्या वयाच्या माणसाला 'ए पोरा'!

आपल्याकडे हजरत बिलाल (रजि.) यांचं नाव प्रेमाने घेतलं जातं. गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, ते फक्त तकव्याने, हा आखरी खुतब्यातला पैगाम मुलांना तोंडपाठ असतो. पण सकाळी गल्लीत घंटागाडी आली की त्या माणसाला आपण काय म्हणून हाक मारतो? मुलं तेही ऐकत असतात.

संग्रहालयात तशी कचरागाडी आहे. एक बसही आहे. आत रोझा पार्क्स यांचा पुतळा बसलेला, आणि ड्रायव्हरचा आवाज जागा सोडायला सांगतो. लहान मुलांना बसमधलं हे लगेच कळतं. कचरागाडीपाशी मात्र त्यांना थांबवून सगळं समजावून सांगावं लागेल.

महापौर शेवटपर्यंत अडून होते. किंग यांच्या हत्येनंतर, १६ एप्रिलला तडजोड झाली. युनियनला मान्यता मिळाली, पगारही वाढला.

अजून एक गोष्ट. संग्रहालयासाठी १९८८ मध्ये हे मोटेल रिकामं केलं गेलं, तेव्हा तिथे राहणाऱ्या एका काळ्या महिलेला बाहेर काढण्यात आलं. ती पुढे कित्येक वर्षं समोरच्या फुटपाथवर निषेध करत बसली. तिचं म्हणणं असं की किंग यांच्या नावाने पैसा घालायचाच, तर तो गरिबांच्या घरांवर घाला. आत जाण्याआधी तिची बाजूही मुलांना सांगा.