लहान शहरांतील बससेवेचे अर्थकारण : नांदेड व लातूर

लहान शहरांतील बससेवेची मुख्य अडचण बसखरेदी नसून दैनंदिन खर्च ही होय. 2005 मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडसाठी केंद्राचा वाटा 80 टक्के, राज्याचा 10 टक्के व महापालिकेचा 10 टक्के होता. परंतु हे साहाय्य भांडवली खर्चापुरते होते. इंधन, वेतन व दुरुस्तीचा खर्च तिकीट-उत्पन्नातून न भागल्यास तूट महापालिकेवर पडते. 2023 च्या 'पीएम ई-बस सेवा' योजनेत 2011 च्या जनगणनेनुसार तीन लाखांवरील शहरांसाठी, म्हणजे लातूरसारख्या शहरांसाठीही, दहा वर्षे प्रतिकिलोमीटर साहाय्याची तरतूद झाली. तथापि उर्वरित भार शहरावरच राहतो. म्हणून मार्गनिश्चितीबरोबरच प्रतिकिलोमीटर तुटीची तरतूद महापालिकेच्या अर्थसंकल्पात होणे अगत्याचे ठरते. अन्यथा बसगाड्या येतात, सेवा मात्र टिकत नाही.