तव्यावरचा थेंब, मिलमधली सळई

भाकरीआधी तवा तापलाय का हे बघायला आई बोटांनी पाण्याचा शिंतोडा मारायची. तवा कोमट असला की पाणी नुसतंच पसरायचं. तापला की ‘चर्र’ करून क्षणात नाहीसं व्हायचं. पण एखाद्या दिवशी चूल फारच पेटायची, तवा भलताच तापायचा आणि थेंब आटायचेच नाहीत! मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर सैरावैरा पळत सुटायचे. तवा जास्त तापलेला, तरी पाणी जास्त टिकतंय, हे कसं?

योहान गॉटलॉब लायडेनफ्रॉस्ट या जर्मन वैद्याला हाच प्रश्न पडला. लालबुंद लोखंडी चमच्यात थेंब टाकून बघितलेली ही गंमत त्याने 1756 साली लिहून ठेवली. थेंब टेकण्याआधीच त्याच्या तळाची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते. बाहेर निसटताना ती थेंबाला उचलून धरते. ही गादी जेमतेम केसाएवढी जाड, पण तिच्यातून उष्णता फार सावकाश जाते. पाण्याला संपवणारी वाफच पाण्याला वाचवते! साधारण दोनशे अंशांच्या वर हा खेळ चालतो. तवा निवला की गादी एकाएकी फाटते, थेंब टेकतो आणि चर्र!

गादीवरचा पाण्याचा तळ सुखाने बसलेला नसतो. खालची वाफ वर यायला बघते, पृष्ठताण तळ ताणून धरतो. थेंब लहान असेपर्यंत पृष्ठताण जिंकतो. थेंब दोनेक सेंटिमीटर रुंद झाला, की वाफ त्याच्या पोटातून बुडबुडा काढून सरळ वर फुटते.

आता जालन्याच्या एमआयडीसीत चला. इथे भंगार वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाचे लांबट ठोकळे, ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया लाटतात. शेवटच्या रुळांतून सळई हजारेक अंशांना, केशरी रंगाची धावत बाहेर येते. तिच्यावर नुसतं पाणी ओतलं तर तव्यावरचीच गत: वाफेची गादी मध्ये आणि सळई गरमच. म्हणून तिला पाण्याच्या नळ्यांतून नेतात. तिथे जोरदार दाबाच्या धारा ती गादी फाडतात. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सळईची साल निवून कडक होते, गाभा मात्र धगधगताच राहतो. पुढे कूलिंग बेडवर गाभ्यातली धग बाहेर झिरपते आणि सालीचा ठिसूळपणा घालवते. अशी ‘टीएमटी’ सळई वाकवली तरी मोडत नाही, ती यामुळे.

अशा सळईचं कापलेलं टोक घासून गुळगुळीत करा आणि प्रयोगशाळेत त्याला सौम्य आम्ल लावून बघा. कडेने एक काळसर कडं उमटतं. पाणी गादी फाडून लोखंडाला भिडलं, त्याची ती खूण. आईच्या तव्यावर ऐकू यायचं ते ‘चर्र’ इथे डोळ्यांना दिसतं.