‘मालफंक्शन ५४’चा अर्थ

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात टायलर नावाचे शहर आहे. तिथल्या कर्करोग केंद्रात २१ मार्च १९८६ रोजी एक रुग्ण नवव्यांदा किरणोपचारासाठी आला होता. पाठीवरची गाठ शस्त्रक्रियेने आधीच काढली होती. आता फक्त इलेक्ट्रॉन किरणांचा ठरलेला डोस घ्यायचा, थोडा वेळ पालथे पडून राहायचे आणि घरी जायचे, एवढेच काम होते. आधीच्या आठही वेळा त्याला काही जाणवले नव्हते. या वेळी मात्र पाठीवर कुणी गरम कॉफी ओतावी किंवा विजेचा झटका बसावा, तसे झाले. काहीतरी बिघडले आहे हे ओळखून तो उठू लागला, तेवढ्यात दुसरा झटका हाताला बसला. तो कसाबसा दारापर्यंत गेला आणि दार बडवू लागला.

दाराबाहेर यंत्र चालवणारी तंत्रज्ञ बसली होती. बाई अनुभवी, हात सराईत. बहुतेक रुग्णांना क्ष-किरण द्यायचे असल्याने तिने सवयीने ‘एक्स’ हे अक्षर दाबले; इथे इलेक्ट्रॉनसाठी ‘ई’ हवे होते. चूक लगेच ध्यानात आली. बाणाच्या कळीने ती वरच्या ओळीवर गेली, अक्षर बदलले, बाकीच्या नोंदी बरोबर होत्या म्हणून भराभर ‘रिटर्न’ दाबत खाली आली. सगळे तपासून झाल्याची खूण पडद्यावर उमटली. तिने किरण सोडले. यंत्र तत्काळ थांबले आणि पडद्यावर शब्द आले : ‘मालफंक्शन ५४’. सोबत ‘ट्रीटमेंट पॉज’, म्हणजे उपचार तात्पुरता थांबला आहे. डोसचा आकडा सांगत होता की मागितले होते २०२ एकक, गेले फक्त ६. डोस कमी पडला असे समजून तिने उपचार पुढे चालू करणारी ‘पी’ ही कळ दाबली. खोलीतल्या कॅमेऱ्याचा पडदा त्या दिवशी जोडलेला नव्हता आणि आतला आवाज बाहेर आणणारा इंटरकॉमही बिघडलेला होता.

त्या रुग्णाला १८० रॅड द्यायचे होते. नंतरच्या अंदाजानुसार त्याला १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले, तेही सेकंदभराच्या आत आणि जेमतेम एक सेंटिमीटर जागेवर. पाच महिन्यांनी तो त्याच इजेने दगावला.

आता तो संदेश. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत ‘मालफंक्शन ५४’चा खुलासाच नव्हता. कंपनीच्या दुसऱ्या एका कागदात ‘डोस इनपुट २’ असे त्याचे वर्णन होते, आणि त्याचा अर्थ असा की दिलेला डोस एक तर फार जास्त झाला आहे किंवा फार कमी. दोन अगदी उलट गोष्टींना एकच क्रमांक! त्यातच शेजारचा आकडा ‘कमी’ असे सुचवत असेल तर कळ दाबणाऱ्याने दुसरे काय समजायचे?

या यंत्राचे नाव थेरॅक-२५. ‘अ‍ॅटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड’ या कंपनीने ते बनवले होते आणि कॅनडा व अमेरिकेत मिळून अशी ११ यंत्रे बसवली होती. एकच यंत्र दोन कामे करी. वरवरच्या गाठींसाठी थेट इलेक्ट्रॉनचा झोत, आणि खोलवरच्या गाठींसाठी क्ष-किरण. क्ष-किरण तयार करायचे तर इलेक्ट्रॉनचा झोत सुमारे शंभर पट जोरदार लागतो. तो धातूच्या लक्ष्यावर आदळतो आणि त्यातून निघालेले क्ष-किरण रुग्णापर्यंत पोहोचतात. कोणत्या कामाला मध्ये काय आडवे यावे, हे एका फिरत्या चकतीवर ठरे. म्हणजे झोत शंभर पट आणि मध्ये लक्ष्य नाही, अशी गाठ पडली की अनर्थ. थेरॅकच्या आधीच्या पिढीतल्या यंत्रात अशी गाठ पडू नये म्हणून सॉफ्टवेअरपासून स्वतंत्र विद्युत मंडले आणि यांत्रिक अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून ती राखण बहुतांशी सॉफ्टवेअरवर सोपवली गेली. पुढे तपासात कळले की सॉफ्टवेअरमधला हाच दोष जुन्या यंत्रातही होता. तिथे फक्त फ्यूज उडायचा आणि माणूस वाचायचा.

टायलरमध्ये नेमके हेच घडले. चुंबके नव्या नोंदीनुसार जागेवर यायला सुमारे आठ सेकंद घेत. त्या आठ सेकंदांत कुणी नोंद दुरुस्त केली तर पडद्यावर ती बदललेली दिसे, पण आतल्या कार्यक्रमाच्या एका भागाला त्याचा पत्ताच लागत नसे. हळू काम करणाऱ्याच्या हातून हा दोष कधीच उघडा पडला नसता.

तंत्रज्ञ बाईंना दोष देणे सोपे आहे, आणि अन्यायाचेही. त्या यंत्रावर काही काही दिवशी ४०-४० वेळा असले संदेश येत. डोसचा वेग जरा घसरला की संदेश; ‘पी’ दाबली की काम पुढे सुरू. ही कळ लागोपाठ पाच वेळा चालत असे. शिवाय यंत्रात इतक्या सुरक्षा व्यवस्था आहेत की जादा डोस जाणे जवळजवळ अशक्यच, असे चालवणाऱ्यांना सांगितले गेले होते. ज्या संदेशाने कधीच काही बिघडत नाही, तो वाचला जात नाही. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या परिचारिकांना हे समजावून सांगावे लागणार नाही. सुटलेल्या वायरीसाठी, हललेल्या हातासाठी, संपत आलेल्या सलाईनसाठी दिवसभर यंत्रे ओरडत असतात, आणि खऱ्या संकटाचा आवाज त्याच गर्दीत येतो.

आधीच्या वर्षीच्या जुलैमध्ये कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात जवळजवळ असाच प्रसंग घडला होता. यंत्र पाच सेकंदांत थांबले, पडद्यावर डोस गेलाच नसल्याचे दिसले, तंत्रज्ञाने पुन्हा ‘पी’ दाबली. असे एकूण पाच वेळा यंत्र थांबले. दुरुस्ती करणारा आला, त्याला काही सापडले नाही. रुग्ण मात्र कंबरेजवळ जळजळ होते, झिणझिण्या येतात असे सांगत होती. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रावर असे सहा अपघात झाले. बहुतेक ठिकाणी रुग्णाने ‘भाजले’ असे सांगितले होते आणि पडद्याने ‘काही झाले नाही’ असे. विश्वास पडद्यावर ठेवला गेला.

टायलरलाही आधी तेच झाले. कंपनीचे अभियंते आले, त्यांना ‘५४’ पुन्हा दिसेना. विजेचा झटका बसला असेल म्हणून तीही तपासणी झाली. तसा काही दोष नव्हता. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झाले आणि ११ एप्रिलला चेहऱ्याच्या त्वचेचा कर्करोग असलेल्या दुसऱ्या रुग्णावर तोच संदेश, तशीच दुरुस्त केलेली नोंद, तीच तंत्रज्ञ. इंटरकॉम आता दुरुस्त झाला होता. तिला मोठा आवाज आणि पाठोपाठ कण्हणे ऐकू आले. हा रुग्ण तीन आठवड्यांत गेला.

कोडे सोडवले ते रुग्णालयाचेच पदार्थवैज्ञानिक फ्रिट्झ हेगर यांनी, त्या तंत्रज्ञ बाईंना सोबत घेऊन. त्यांनी यंत्र लगेच बंद ठेवले. संदेश काय होता, त्याच्या आधी कोणत्या कळा कोणत्या क्रमाने दाबल्या, हे बाईंना आठवत होते. दोघे पडद्यासमोर बसले आणि तोच क्रम पुन्हा पुन्हा करत राहिले. बराच सराव झाल्यावर लक्षात आले की क्रम पुरेसा नाही, वेगही तोच हवा. नोंद झपाट्याने दुरुस्त केली की ‘मालफंक्शन ५४’ हुकमी येई. अभियंत्यांना तो आला नव्हता, कारण ते सावकाश टंकत होते. कंपनीने त्यावर सुचवलेला पहिला तात्पुरता उपाय ऐकून आजही हसावे की रडावे कळत नाही : वर जाणाऱ्या बाणाच्या कळीचे टोपण काढा आणि तिथे चिकटपट्टी लावा. मे १९८६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने यंत्र सदोष ठरवले.

किरणोपचाराचे यंत्र सामान्य माणसाच्या हाती येत नाही. पण पडद्यावर आकड्याऐवजी अक्षरे दाखवणारी लहान यंत्रे आता घरोघरी आहेत, आणि तिथेही तीच अडचण आहे. संदेश आला की तो यंत्राबद्दल बोलतो आहे की शरीराबद्दल, हे आधी ओळखावे लागते.

साखर मोजण्याचा ग्लुकोमीटर घ्या. त्यावर इंग्रजी ‘एच’ आणि ‘आय’ ही अक्षरे उमटली तर ते ‘हाय’ म्हणजे ‘हाय’च, साखर यंत्राच्या मोजमापापलीकडे गेली आहे. बऱ्याच यंत्रांत ही मर्यादा ६०० मिलिग्रॅम असते, काहींत ५००. ‘एल’ आणि ‘ओ’ म्हणजे साखर फारच खाली, बहुतेक यंत्रांत २० च्याही खाली. अपघात विभागात येणाऱ्या नातेवाइकांकडून ‘सकाळपासून मशीन बिघडलंय, आकडाच दाखवत नाही’ हे वाक्य ऐकू येते, आणि स्ट्रेचरवर रुग्ण कोरड्या जिभेने भराभर श्वास घेत असतो. यंत्र बिघडलेले नसते. ‘हाय’ दिसले तर हात साबणाने धुऊन, पूर्ण कोरडे करून नव्या पट्टीवर एकदा पुन्हा पाहावे; नुकताच आंबा सोललेल्या किंवा गूळ फोडलेल्या बोटाचे रक्त खोटा मोठा आकडा दाखवू शकते. दुसऱ्यांदाही तेच आले तर रुग्णालय गाठावे. उलट्या, गुंगी, धाप असेल तर दुसऱ्यांदा पाहण्यातही वेळ घालवू नये. ‘लो’ दिसले आणि माणूस घामाघूम, थरथरत असेल, तर आधी साखर किंवा ग्लुकोज द्यायचे, तपासणी नंतर. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचे नाही.

‘ई’ आणि पुढे आकडा हा प्रकार वेगळा. तो बहुधा यंत्राचा स्वतःबद्दलचा निरोप असतो. थेंब अपुरा, पट्टी दमट किंवा वापरलेली, बॅटरी संपत आलेली, किंवा हवा फार गरम. कोकणातल्या पावसाळ्यात पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले, किंवा विदर्भात मे महिन्यात मीटर गाडीत पडून राहिला, की असे संदेश येणारच. मात्र कोणत्या आकड्याचा कोणता अर्थ, हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवले आहे. शेजाऱ्याच्या यंत्राचा ‘ई-३’ आपल्या कामाचा नाही. रुग्णाच्या हाती जाणाऱ्या यंत्रांना तरी एकच संकेतावली असावी, ही मागणी कुणी फारशी करत नाही, करायला हवी.

रक्तदाबाच्या यंत्रावर ‘एरर’ आले तर बहुतेक वेळा कारण साधे असते. पट्टा सैल, बाहीवरून बांधलेला, हात लटकता, किंवा मोजताना चाललेल्या गप्पा. पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पट्टा, बॅटरी, हात सगळे एकदम बदलले तर चूक कशात होती ते कळत नाही. सगळे नीट असूनही संदेश येतच राहिला तर डॉक्टरांकडे जाऊन नाडी दाखवावी. हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर ही यंत्रे गोंधळतात, आणि असा अनियमितपणा पुढे पक्षाघाताला कारण ठरू शकतो. करोनाकाळात विकत घेतलेल्या ऑक्सिमीटरचेही तसेच. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा दिसल्या तर नखावरचा रंग, मेंदी, गार पडलेले बोट ही कारणे पाहावीत. पण बोट गार आहे, माणूसही गार आणि घामेजलेला आहे, नीट उत्तरे देत नाही, तर बोटे चोळत बसू नये. रक्ताभिसरणच मंदावल्याने यंत्राला नाडी सापडत नसेल.

डॉक्टरांना फोन करताना ‘काहीतरी एरर येतोय’ एवढे सांगून उपयोग नसतो. पडद्याचा फोटो काढावा, वेळ लिहावी, त्याआधी काय खाल्ले, कोणते औषध घेतले, यंत्रावर काय केले तेही. आणि रुग्णाला काय होते आहे, ते सगळ्यांत आधी. यंत्राच्या खोक्यातली घडी घातलेली पुस्तिका बहुतेक घरांत पहिल्याच दिवशी खोक्यासकट रद्दीत जाते. तिच्यातले संकेतांचे एकच पान कापून औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायला पाच मिनिटे लागतात.