आयक्यू बिने यांचा नव्हे

पेटती काडी मुलाच्या डोळ्यांसमोरून फिरवायची आणि त्याची नजर तिच्यामागे जाते का ते पाहायचं. मग चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा पुढे करायचे. पोर कशाला हात घालतं? मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी तेओदोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये मांडलेल्या बुद्धिचाचणीची सुरुवात इतकी साधी होती. पुढे अवघड होत जाणारे एकूण ३० प्रश्न होते.

त्याआधी बिने शाळकरी मुलांची डोकी मोजत होते. हुशार आणि ढ मुलांच्या डोक्यांत जेमतेम फरक निघाला. तोही मोजणाऱ्याच्या मनातल्या अपेक्षेमुळे येत असावा, अशी शंका त्यांना आली आणि त्यांनी तो नाद सोडला. स्वतःच्याच मापावर असा संशय घेणारा संशोधक विरळा. वेगळ्या शिक्षणासाठी मुलं निवडताना शिक्षकांच्या शिफारशीवरही त्यांचा भरवसा नव्हता. नकोसं पोर वर्गाबाहेर काढायला शिक्षकांना निमित्त मिळेल, हे बिने ओळखून होते. चाचणी हवी होती ती कोणत्या मुलाला वेगळं शिकवायला हवं, हे कळण्यासाठी.

१९०८ मध्ये बिने आणि सिमाँ यांनी प्रश्न वयानुसार लावले; मूल ज्या वयाचे प्रश्न सोडवेल, ते त्याचं मानसिक वय. १९११ साली बिने वारले. मानसिक वयाला खऱ्या वयाने भागण्याची कल्पना विल्यम स्टर्न यांनी मांडली ती १९१२ मध्ये, आणि १९१६ मध्ये स्टॅनफर्डच्या लुईस टर्मन यांनी त्या भागाकाराला १०० ने गुणून आयक्यू रूढ केला. तोवर मानसशास्त्रज्ञ हेन्री गॉडर्ड यांनी ही चाचणी अमेरिकेत नेऊन एलिस आयलंडवर बोटीतून नुकत्याच उतरलेल्या स्थलांतरितांवरही चालवली होती. दमलेला, इंग्रजी न येणारा माणूस दुभाष्यामार्फत उत्तरं देणार आणि त्यावरून तो मंदबुद्धी ठरणार! हा अडाणीपणा परीक्षा घेणाऱ्यांचाच म्हणायला हवा.

आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्याने बेतली. त्यांचं पुस्तक १९४० साली आलं. बिने-कामत चाचणी पुढे देशभर वापरली गेली.

बुद्धी जन्मतःच ठरलेली असते, हे बिने यांना अजिबात मान्य नव्हतं. मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी व्यायाम सुचवले होते. त्यातल्या एकात मुलांनी पुतळ्यासारखं निश्चल उभं राहायचं. लक्ष एकवटायला शिकलं की अभ्यास जमू लागतो, असा त्यामागचा हिशेब. टर्मन आणि गॉडर्ड यांना मात्र बुद्धी उपजतच वाटत होती, त्यामुळे असल्या व्यायामांत त्यांना रस असण्याचं कारणच नव्हतं.