दाबाखाली मुरलेली तंबाखू

अमेरिकेत मिसिसिपीच्या काठी, लुईझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात ‘पेरीक’ नावाची तंबाखू पिकते. पाइप ओढणाऱ्या दर्दी मंडळींत तिचा दबदबा मोठा, पिकवणारे मात्र मूठभर. मूळ रीत चॉक्टॉ आदिवासींची. १८२४च्या सुमारास पिएर शने या शेतकऱ्याने ती उचलली, असं सांगतात.

गंमत आहे ती मुरवण्यात. पानं सुकवायची, मधली शीर काढायची, जुड्या करून व्हिस्कीच्या जुन्या ओक पिंपात ठासायच्या आणि वरून जॅक आवळायचा. पानांतला रस सुटतो आणि पानं त्यातच मुरत राहतात. आत हवा फारशी नसते, त्यामुळे आंबवण्याचं काम सूक्ष्मजीवांकडे जातं. अधूनमधून पिंप उघडून जुड्या वरखाली करायच्या, पुन्हा दाब द्यायचा. हे निदान वर्षभर. शेवटी पान काळंभोर होतं आणि वास? सुक्या आलुबुखाऱ्यासारखा, वर मिरीचा झणका.

नुसती ओढायला ती फार कडक, म्हणून गोडसर व्हर्जिनिया तंबाखूत थोडीशीच मिसळतात. (सुगंध कितीही मोहक असो, पाइपच्या धुराने तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतोच.) पेरीकच्या चवीचं श्रेय बरेच जण तिथल्या मातीला देतात. मला विचाराल तर निम्मं श्रेय त्या पिंपाचं.