हजचा कमरपट्टा : टीप पक्की हवी

पुरुषांच्या इहरामच्या दोन चादरींना खिसा नसतो. म्हणून हाजी रोख रक्कम व ओळखपत्र कमरपट्ट्यात ठेवतात. मनाई अंगाच्या मापाने शिवलेल्या कपड्यांना आहे, पट्ट्याला नाही. पण तवाफच्या गर्दीत शिवण उसवली, तर आयुष्यभराची पुंजी जाते! भूमच्या शिलाईकाम करणाऱ्या बांधवांना आमची सूचना : जाड सुती कापड घ्या, दुहेरी टीप मारा, पैशाच्या कप्प्याची चेन अंगाकडे ठेवा, घामापासून कागद वाचवायला आत प्लास्टिक लावा. हिजरी वर्ष १०-११ दिवसांनी लहान असल्याने हजचा हंगाम दरवर्षी अलीकडे सरकतो. माल त्याच हिशेबाने तयार ठेवावा. गिऱ्हाईकाला एवढेही सांगावे, की सगळी रक्कम एकाच ठिकाणी ठेवू नका. हाजीची अमानत सांभाळणारा पट्टा शिवणे, ही रोजीही आहे आणि खिदमतही, असे आम्हांस वाटते.