दहा लॉक, दहा थ्रेड

खराडीच्या आयटी पार्कांत रोज वापरल्या जाणाऱ्या पायथन भाषेत मोठा प्रोग्रॅम मॉड्यूल नावाच्या स्वतंत्र फाइलींत विभागलेला असतो आणि एका मॉड्यूलने दुसरे वापरात आणण्याच्या क्रियेला इम्पोर्ट म्हणतात. प्रोग्रॅममध्ये अनेक थ्रेड, म्हणजे एकाच काळात पुढे सरकणारे कामाचे प्रवाह, असतील, तर अर्धवट तयार झालेले मॉड्यूल दुसऱ्या थ्रेडच्या हाती लागू नये म्हणून इम्पोर्ट पूर्ण होईपर्यंत त्यावर लॉक असते.

2012 मधील 3.3 या आवृत्तीपूर्वी सर्व इम्पोर्टांसाठी एकच सामाईक लॉक असल्याने एका मॉड्यूलच्या संथपणामुळे असंबद्ध इम्पोर्टही खोळंबत. प्रत्येक मॉड्यूलला वेगळे लॉक मिळाल्यावर हा खोळंबा टळला. मात्र खराडी बायपास चौकात चारही दिशांची वाहने परस्परांची वाट अडवून उभी राहावीत, तसे थ्रेडही एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकण्याचा, म्हणजे डेडलॉकचा, धोका निर्माण झाला. म्हणून थ्रेडला थांबवण्यापूर्वी हवे असलेले लॉक कोणाकडे आहे आणि तो धारक स्वतः कशासाठी थांबला आहे, याचा माग काढला जातो. साखळी मूळ थ्रेडपर्यंत परत आली, तर डेडलॉकची सूचना दिली जाते आणि अर्धवट मॉड्यूल स्वीकारून काम पुढे जाते.

थ्रेडांचा क्रम दर वेळी बदलत असल्याने असा दोष योगायोगानेच दिसतो. म्हणून पायथनच्या चाचणीत तो योगायोग मुद्दाम घडवला जातो. दहा थ्रेड दहा लॉकांपैकी एकेक घेतात, सर्वांनी ते घेईपर्यंत थांबतात आणि मग प्रत्येक जण वर्तुळातील पुढचे लॉक मागतो. येथे किमान एका थ्रेडला डेडलॉकची सूचना मिळाली पाहिजे आणि ज्यांना ती मिळाली नाही त्यांना दोन्ही लॉक मिळाले पाहिजेत. दुसऱ्या चाचणीत थ्रेड नऊच असल्याने वर्तुळ पूर्ण होत नाही आणि एकही सूचना येता कामा नये.

ही जोडी अत्यावश्यक आहे, कारण सूचना कधीच न देणारे लॉक पहिल्या चाचणीत अडकून पडेल, तर वाट पाहावी लागताच सूचना देणारे सदोष लॉक पहिलीत उत्तीर्ण होऊन दुसरीतच पकडले जाईल. 2024 च्या 3.13 आवृत्तीत अनेक थ्रेड खऱ्या अर्थाने समांतर चालवण्याची प्रायोगिक सोय आल्यामुळे अशा चाचण्यांचे मोल वाढले आहे. धोका ओळखणे आणि धोका नसताना शांत राहणे, या दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्याखेरीज कोणतेही लॉक विश्वासार्ह ठरत नाही.